ब्लॅक बुक बांधायला टाकण्याआधी

"मॅडम, किती टक्के चालतं?"

फेब्रुवारी सरत आला की नवी मुंबईतल्या कामोठ्यात माझ्या दाराची बेल वाजते आणि पहिला प्रश्न हाच येतो. कॉलेजच्या ग्रंथालयात उभा जन्म काढल्यामुळे सोसायटीतली मुलं निवृत्तीनंतरही मला ग्रंथपालच समजतात. टक्के म्हणजे नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचे. दुसरा प्रश्न, "रेफरन्स किती टाकायचे?" तिसरा जरा खालच्या आवाजात, आई स्वयंपाकघरात गेल्यावर: "चॅटजीपीटीने दिलेले चालतात का?"

तिन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे. संदर्भ म्हणजे पोहे झाल्यावर वरून भुरभुरायची कोथिंबीर. किती घालायची, न घातली तर चालेल का, शेजारच्या घरातली आणली तर कळेल का.

संदर्भ हा पत्ता असतो. हे कामोठेकरांना निराळं सांगायला नको. 'साई-अमुक सोसायटी, कामोठे' एवढ्यावर पार्सल घरी येत नाही. डिलिव्हरीवाला खालून फोन करतो, सेक्टर कुठला, प्लॉट नंबर काय, कुठली विंग. तुमच्या परीक्षकाला असा फोन करायची वेळ येता कामा नये. तुमच्या वाक्यापासून निघून तो थेट त्या पुस्तकाच्या त्या पानावर पोचला पाहिजे. खालचं सगळं विवेचन एवढ्यासाठीच आहे.

आधी पाहा, तुमचं काम कुठल्या खात्यातलं

सगळ्याच लिखाणाला 'प्रोजेक्ट' म्हणायची सवय असल्यामुळे इथेच पहिला गोंधळ होतो.

- जुन्या अभ्यासक्रमातला टीवायचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, प्रकल्प. बीएमएस, बीएएफ, बीएस्सी आयटी वगैरेंची ती काळ्या कव्हरची, सोनेरी अक्षरांची प्रत. ब्लॅक बुक हे नाव तिथूनच आलं.
- नव्या शैक्षणिक धोरणातले छोटे प्रकल्प. फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंगचा अहवाल. आकार लहान असला तरी दुसऱ्याची माहिती वापरली की संदर्भ लागतोच.
- चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प. चार वर्षांच्या 'ऑनर्स विथ रिसर्च' पदवीत यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तो १२ क्रेडिटचा आहे. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी नवी रचना २०२३-२४ पासून घेतली, संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. म्हणजे संलग्न कॉलेजांतली पहिली तुकडी चौथ्या वर्षात पोचेल ती २०२७-२८ मध्ये. ज्यांच्या मनात पुढे पीएचडी आहे त्यांनी हे काम हलक्यात घेऊ नये. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्क्यांवर थेट पीएचडीच्या प्रवेशासाठी पात्र होता येतं, आणि मुलाखतीत पहिला विषय हाच प्रबंध असतो.

तुमच्या विभागाची लेखी सूचना मागून घ्या. पानं किती, भाषा कुठली, संदर्भांची पद्धत कुठली, नक्कल तपासणी होणार का आणि कुठल्या सॉफ्टवेअरवर, एवढ्या पाच गोष्टी त्यात हव्यात. 'सर म्हणाले होते' हा पुरावा वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी टिकत नाही.

विषय घराजवळचा घ्या, पण चिमटीत मावेल असा

'नवी मुंबईतील नागरीकरण : एक अभ्यास' हा विषय घेऊन आलेल्या मुलाला मी चहा देते आणि परत पाठवते. त्या विषयावर लिहायला दहा माणसं आणि दहा वर्षं लागतील. उलट कामोठ्याच्या पायाशी बघा किती आहे.

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झाली आणि सिडकोने वसवलेलं कामोठं तिच्यात आलं. त्यानंतर सिडकोचं सेवाशुल्क आणि महापालिकेचा मालमत्ता कर यांवरून जो वाद पेटला तो तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात सापडेल. वाणिज्य किंवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'सेक्टर अमुकमधल्या पाच सोसायट्यांनी मालमत्ता कराला दिलेला प्रतिसाद' एवढा विषय भरपूर आहे. इतिहासवाल्यांना नवी मुंबईसाठी झालेल्या जमीन संपादनाची गोष्ट आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे शेतकऱ्यांना विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव माहीत नाही असं घर या पट्ट्यात नाही. पण गावठाणातल्या आजीकडे बसून तिचं म्हणणं तारखेसह टिपून घेतलेलं मात्र फार कमी आहे.

विषय पक्का करण्याआधी एक चाचणी करा. त्या विषयावरची निदान तीन प्रकारची साधनं हाताशी येतात का पाहा: एखादं पुस्तक किंवा शोधनिबंध, एखादा सरकारी कागद, आणि तुम्ही स्वतः जमवलेलं काहीतरी. तिन्हीपैकी एकच मिळत असेल तर विषय बदला. हे जूनमध्ये कळलेलं बरं.

साधनं कुठे मिळतात

गुगलच्या पहिल्या पानाबाहेरही जग आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे.

- एन-लिस्ट. इन्फ्लिबनेटची ही योजना कॉलेजांसाठी आहे. हजारो नियतकालिकं आणि ई-पुस्तकं तिच्यात मिळतात. कॉलेज वर्गणी भरतं आणि मुलांना पत्ता नसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ग्रंथपालांकडे जा आणि 'एन-लिस्टचा आयडी द्या' एवढंच म्हणा.
- शोधगंगा. देशभरातले पीएचडीचे प्रबंध. तुमच्या विषयावरचा एखादा प्रबंध काढा आणि त्याची संदर्भसूची वाचा. सहा महिन्यांचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.
- ग्रंथसंजीवनी. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जुनी पुस्तकं आणि वृत्तपत्रं स्कॅन करून इथे ठेवली आहेत.
- प्रत्यक्ष ग्रंथालयं. मानसरोवर स्टेशनवरून हार्बरची गाडी पकडून सीएसएमटीला उतरलात की टाउन हॉलमधलं एशियाटिकचं आणि राजाबाई टॉवरमधलं विद्यापीठाचं ग्रंथालय चालत जाण्यासारखं आहे, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं. कलिन्याला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. जाताना कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घ्या. विनापत्र गेलात तर निम्मा दिवस दारातच जाईल.
- माहितीचा अधिकार. सिडको आणि महापालिका, दोन्हीकडे अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'कामोठ्याची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज केलात तर उत्तरही तसंच गोल येईल. वर्ष, सेक्टर, कागदाचं नाव लिहा. आणि अर्ज दिवाळीआधी टाका. मार्चमध्ये टाकलेल्या अर्जाचं उत्तर निकालानंतर येतं.

नोंद वाचतानाच करा

या लेखातलं एकच कलम पाळायचं ठरवलंत तर हे पाळा. नक्कल करणारी मुलं मी पाहिली, पण नक्कल ठरलेल्यांपैकी निम्मी मुलं चोर नव्हती. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी वहीत उतरवून घेतलेलं वाक्य आपलं की पुस्तकातलं हेच ती विसरली होती.

पुस्तक हातात आल्याबरोबर मोबाइलने तीन फोटो काढा: मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान, त्यामागचं प्रकाशक-आवृत्तीचं पान, आणि तुम्ही वापरणार ते पान, पृष्ठांक दिसेल असं. मग वहीत किंवा संगणकावर नोंद करताना तीन खुणा ठेवा. शब्दशः उतरवलेलं असेल तर अवतरणचिन्हात. आपल्या शब्दांत सांगितलेलं असेल तर समोर 'सा', म्हणजे सारांश. स्वतःचा विचार असेल तर 'मी'. प्रत्येक नोंदीखाली पृष्ठांक. मी काम करत होते तेव्हा आम्ही हे कार्डांवर करायचो. आज रंग वापरा, पण खूण ठेवा.

झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते जूनमध्येच उतरवून घ्या. ऑनलाइन लेख उघडा असताना एक बटण दाबलं की नोंद जमा होते, आणि लिहिताना हव्या त्या पद्धतीत सूची बनते. मराठी पुस्तकांचा तपशील मात्र हातानेच भरावा लागतो, आणि आपोआप आलेली नोंदही डोळ्यांखालून घालावी लागते. वर्षाच्या जागी महिना, लेखकाच्या जागी संकेतस्थळाचं नाव असले प्रकार त्यात सर्रास होतात.

संदर्भ कुठे द्यायचा, कुठे नाही

द्यायचाच:

- दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर. अवतरणचिन्हं आणि पृष्ठांक दोन्ही हवेत.
- दुसऱ्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगितला तर.
- आकडा, तक्ता, नकाशा, फोटो घेतला तर. नुसतं 'स्रोत : गुगल' म्हणजे पत्त्याच्या जागी 'भारत' लिहिण्यासारखं आहे.
- इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद करून वापरला तर. 'भाषांतर मी केलंय, मग ते माझंच ना?' असं मुलं विचारतात. भाषांतर तुमचं, विचार त्यांचा. सॉफ्टवेअरला हे सापडेल न सापडेल, वायवाला बसलेल्या मास्तरांना सापडतं.

नाही दिला तरी चालतो: सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. पनवेल रायगड जिल्ह्यात आहे याला तळटीप नको. शंका आली तर मात्र द्या. जास्तीच्या संदर्भाने कुणी नापास होत नाही.

आता 'आपल्या शब्दांत' म्हणजे काय ते पाहू, कारण सगळे इथेच घसरतात. समजा एखाद्या पुस्तकात असं वाक्य आहे (हे मीच रचलंय, पुढच्या ओळींतली माणसंही कल्पितच): *जमीन गेल्यावर भरपाईचा पैसा आला, पण पैसा सांभाळण्याची सवय नसल्याने अनेक कुटुंबांच्या हाती काही वर्षांत काहीच उरले नाही.*

विद्यार्थी लिहितो: *जमीन गेल्यानंतर मोबदल्याची रक्कम मिळाली, परंतु रक्कम जपण्याची सवय नसल्यामुळे बऱ्याच कुटुंबांकडे थोड्या वर्षांत काहीही शिल्लक राहिले नाही.*

याला आमच्या पिढीत 'टोपी फिरवणे' म्हणायचे. शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तोच. खाली संदर्भ दिला तरी हे दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून खपवणंच आहे. हे वाचून पाहा:

*भरपाई टिकली नाही याचं कारण लेखक व्यवहाराच्या अननुभवात शोधतात (आडनाव, वर्ष, पृ. अमुक). मी ज्या आठ कुटुंबांशी बोलले त्यांतल्या पाच जणांनी मात्र घरातलं आजारपण आणि लग्नं ही कारणं सांगितली.*

इथे लेखकाचं म्हणणं कुठे संपलं आणि तुमचं कुठे सुरू झालं ते दिसतं. शिवाय तुम्ही त्याच्याशी बोललात. पुस्तक मिटून, खिडकीबाहेर बघत, आईला सांगतोय असं समजून वाक्य लिहा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा. यापेक्षा चांगली युक्ती मला सापडलेली नाही.

नोंद कशी लिहायची : मराठीतल्या अडचणी

सामाजिक शास्त्रं, वाणिज्य आणि मानसशास्त्रात बहुधा एपीए (सध्या सातवी आवृत्ती), साहित्यात एमएलए (नववी), इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत. कुठली वापरायची ते गाइडना विचारा आणि शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा. स्वल्पविराम कुठे आणि तिरपी अक्षरं कुठे याचे नियम कुठेही मिळतात, त्यात मी जागा घालवत नाही. आपल्याकडच्या खऱ्या अडचणी निराळ्या आहेत.

नावं. आडनाव आधी, मग नाव किंवा आद्याक्षरं: शिरवाडकर, वि. वा. टोपणनावाने लिहिलेलं पुस्तक असेल तर शीर्षकपानावर जे नाव छापलंय त्याखालीच नोंद करा. कुसुमाग्रज असेल तर कुसुमाग्रज. एकाच लेखकाची दोन नावांनी पुस्तकं असतील तर एका ठिकाणाहून दुसरीकडे 'पाहा' अशी खूण करा. डॉ., प्रा., श्री. ही बिरुदं सूचीत येत नाहीत, मग लेखक तुमचे प्राचार्य का असेनात.

क्रम. मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या ठेवा. मराठी सूची अकारविल्हे. क्ष आणि ज्ञ कुणी वर्णमालेच्या शेवटी घेतात, संगणक ते क आणि ज मध्ये बसवतो. एक पद्धत धरा.

शक. जुन्या पुस्तकावर 'शके १८०४' असतं आणि विद्यार्थी ते इसवी सन समजून पुढे जातो. शकात ७८ मिळवा, १८८२ येतं. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९. नोंदीत दोन्ही द्या.

आवृत्ती. पनवेलची एकोणिसाव्या शतकातली माहिती हवी म्हणून मुलं रायगड जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर शोधतात आणि हात हलवत येतात. ती मुंबई इलाख्याच्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरच्या १८८२ च्या खंडांत आहे, कारण पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. कुलाबा जिल्ह्याचं नवं गॅझेटिअर १९६४ चं आहे, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. आता तुम्ही शासनाच्या संकेतस्थळावरची प्रत वाचलीत आणि नोंदीत चालू वर्ष घातलंत, तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं पनवेल आजचं म्हणून परीक्षकापुढे गेलं. मूळ वर्ष आधी. पुनर्मुद्रण किंवा संकेतस्थळ त्यानंतर.

जनगणना. '२०११ च्या जनगणनेनुसार पनवेल महानगरपालिकेची लोकसंख्या' असं वाक्य मी कितीतरी ब्लॅक बुकांत वाचलंय. २०११ मध्ये ही महानगरपालिका नव्हती. तो आकडा नगरपरिषद आणि नंतर सामील झालेल्या गावांची कुणीतरी केलेली बेरीज आहे. बेरीज करणाऱ्याचा संदर्भ द्या, नाहीतर जिल्हा जनगणना पुस्तिका उघडून स्वतः करा आणि तसं लिहा.

शासन निर्णय. विभागाचं नाव, निर्णय क्रमांक, दिनांक, आणि संकेतस्थळावरच्या प्रतीवर असलेला तो लांबलचक सांकेतांक. सांकेतांक दिलात तर वाचणारा मिनिटभरात तिथे पोचतो.

वर्तमानपत्र. दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान. आवृत्ती विसरू नका. एकाच दिवशीच्या मुंबई आणि रायगड पानांवर बातम्या वेगळ्या असतात.

मुलाखत. दिनांक, ठिकाण, कुणी घेतली, आणि बोलणाऱ्याने नाव छापायला संमती दिली आहे का. संमतीचा कागद मराठीत करा आणि वाचून दाखवा. नाव नको म्हणाले तर 'निवेदक ३, वय साठीच्या पुढे, कामोठे गावठाण' एवढं पुरे. मात्र गावठाण लहान असतं, वय-धंदा-घर सगळं लिहिलंत तर नाव झाकून उपयोग नाही. आगरी बोलीत कुणी बोललं असेल तर ते तसंच उतरवा. प्रमाण मराठीत 'सुधारून' अवतरणचिन्हात घालणं म्हणजे त्यांच्या तोंडी आपलं वाक्य घालणं. रुग्णांची किंवा लहान मुलांची माहिती घ्यायची असेल, तर कामाला हात लावण्याआधी तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते का ते विचारा. ही परवानगी मागाहून मिळत नाही.

एकाच्या पुस्तकातलं दुसऱ्याचं वाक्य. तुम्ही मूळ पाहिलं नसेल तर 'अमुक, तमुकमध्ये उद्धृत' असं लिहा आणि सूचीत फक्त तमुक घाला. न वाचलेली पुस्तकं सूचीत घालून ती जाड करायचा मोह सगळ्यांना होतो. वायवात बाहेरचे परीक्षक नेमकं त्यातलंच एक नाव घेऊन 'यात काय आहे हो?' असं गोड आवाजात विचारतात.

विकिपीडिया. वाचा, तळाची संदर्भयादी वापरा, पण विकिपीडियाचा दाखला देऊ नका. मराठी विश्वकोशाच्या नोंदींना बहुधा लेखकाचं नाव असतं. त्या नावानिशी दाखला द्या.

यंत्राने दिलेले संदर्भ

चॅटजीपीटी आणि त्याची भावंडं अस्तित्वात नसलेली पुस्तकं सांगतात. लेखक खरा, मासिक खरं, लेख मात्र कधीच लिहिला गेलेला नाही, अशी सरमिसळ असते. त्यामुळे ओळखणंही कठीण. नियम सोपा ठेवा: जे पान तुम्ही स्वतः उघडून पाहिलं नाही ते सूचीत जाणार नाही. डीओआय क्रमांक असेल तर तो टाकून लेख उघडतो का पाहा, आणि उघडलेला लेख तोच आहे का हेही पाहा.

भाषा सुधारायला, इंग्रजी लेखाचा अर्थ लागत नसेल तर समजून घ्यायला यंत्र वापरायचं असेल, तर गाइडना आधी सांगा आणि कुठे वापरलं ते प्रास्ताविकात एका वाक्यात लिहा. काही विभागांत चालतं, काहींत अजिबात नाही. लपवल्याने किरकोळ गोष्टही गुन्ह्यासारखी दिसू लागते.

आता त्या टक्क्यांकडे

यूजीसीचे नक्कल प्रतिबंधाचे विनियम जुलै २०१८ मध्ये आले. त्यांत चार पायऱ्या आहेत:

- १० टक्क्यांपर्यंत साम्य: दंड नाही.
- १० ते ४०: ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचं.
- ४० ते ६०: सुधारित प्रत एक वर्ष सादर करता येणार नाही.
- ६० च्या वर: नोंदणी रद्द.

लोक इथपर्यंतच वाचतात. पुढचं महत्त्वाचं आहे. हे दंड पदव्युत्तर आणि संशोधन पातळीच्या प्रबंधांसाठी आहेत. प्रकल्प अहवाल, असाइनमेंट, उत्तरपत्रिका या विनियमांच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. पदवीच्या प्रकल्पाला कॉलेजं हीच पट्टी लावतात ती स्वतःच्या नियमाने. तो नियम लेखी मागा.

आणि साम्य मोजताना काही गोष्टी सोडायच्या असतात: रीतसर संदर्भ देऊन केलेली उद्धृतं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची नावं, प्रमाण चिन्हं-समीकरणं. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही धरत नाहीत. तुमच्या अहवालावर २८ टक्के आले तर घाबरू नका, रागावूही नका. कशामुळे आले ते तपासणीच्या रंगीत प्रतीवर पाहा. सूची मोजली गेली असेल तर ती वगळून पुन्हा तपासायला सांगा. उलट ४ टक्के आले म्हणून निर्धास्तही होऊ नका. संदर्भाविना उचललेला एकच मध्यवर्ती परिच्छेद ४ टक्क्यांत आरामात मावतो, आणि ती नक्कलच.

स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात, नाव बदलून. त्याबद्दल एवढंच सांगते की तोच प्रकल्प त्याच वर्षी आणखी चार जणांनी घेतलेला असतो. एका वर्षी आमच्याकडे दोन मुलींच्या ऋणनिर्देशात एकाच आजोबांचे आभार होते. त्या बहिणी नव्हत्या.

तुमचे हक्क

- बाजू मांडण्याचा. वरच्या विनियमांतही दोष निर्विवाद सिद्ध झाल्याशिवाय आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिल्याशिवाय दंड करता येत नाही. कॉलेजने स्वतःचा नियम लावला तरी हे तत्त्व तुम्ही पुढे करू शकता. तपासणीचा पूर्ण अहवाल मागा, नुसता आकडा नको. तुमच्या नोंदवह्या, फोटो आणि मसुद्याच्या जुन्या प्रती हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा, म्हणून निकाल लागेपर्यंत काहीही पुसू नका.
- दाद मागण्याचा. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. मात्र 'गुण कमी पडले' एवढ्यावर लोकपाल पुनर्मूल्यांकन करत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तक्रारीत विशेषणं कमी, तारखा जास्त.
- लेखनावरचा. तुम्ही लिहिलेल्या प्रबंधाचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे तुमचा असतो. कॉलेज प्रत ठेवून घेऊ शकतं. पुढे त्यातून लेख छापताना गाइडचं नाव सहलेखक म्हणून घालायचं की नाही, हे त्यांनी लेखनात प्रत्यक्ष किती काम केलं यावर ठरावं. मोकळेपणाने आणि आधीच बोला. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या मासिकांपासून लांब राहा. यूजीसीने मासिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून 'केअर लिस्टेड' अशी जाहिरात कुणी करत असेल तर तेवढ्यावरूनच सावध व्हा.

शेवटचा आठवडा

छपाईच्या चार दिवस आधी मजकुरातले दहा संदर्भ कसेही निवडा आणि मैत्रिणीला द्या. सूची हातात घेऊन तिला ते शोधता आले पाहिजेत. मजकुरात आहे पण सूचीत नाही, सूचीत आहे पण मजकुरात नाही, अशा जोड्या तिला आधी दिसतील. तुम्हाला दिसणार नाहीत, तुमचे डोळे थकलेले असतात.

आणि टायपिंग बाहेर देत असाल तर दुकानात शिरताच विचारा, "युनिकोडमध्ये करता ना?" जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली मराठी दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तपासणीच्या सॉफ्टवेअरलाही ती मराठी म्हणून वाचता येत नाही आणि शून्य टक्के येतात. शून्य टक्के बघून गाइड खूश होत नाहीत, त्यांना संशय येतो. पीडीएफ स्वतः बनवा, मोबाइलवर उघडून जोडाक्षरं आणि पृष्ठांक तपासा, आणि मगच ती प्रत बांधायला द्या. सोनेरी अक्षरांना दोन दिवस लागतात, मार्चच्या शेवटी चार.